एसक्यूएलमधला कर्सर पुढे-मागे कसा हलवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्सर, म्हणजे डेटाबेसच्या निकालातली एकेक ओळ वाचायची सोय, वापरणारे बहुतेक जण 'फेच नेक्स्ट' (पुढची ओळ वाच) आणि एक लूप एवढ्यावर वर्षानुवर्षं काम चालवतात. मग एके दिवशी मागची ओळ पुन्हा वाचायची वेळ येते, किंवा थेट शंभराव्या ओळीवर जायची, आणि घोळ सुरू होतो. एखादी ओळ दोनदा मोजली जाते, एखादी गळते, आणि महिनाअखेरीला बेरीज जुळत नाही. असल्या चुका शोधण्यात माझ्या बऱ्याच रात्री गेल्या आहेत. नवीन सहकारी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

माझं रोजचं काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं, त्यामुळे वेगळं काही म्हटलं नसेल तिथे पोस्टग्रेस समजावं. एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल आणि मायएसक्यूएल हे दुसरे डेटाबेस जिथे वेगळे वागतात तिथे तसं लिहिलं आहे. आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या अर्थातच रोमन लिपीतच टंकायच्या.

उदाहरणाला गावच्या दूध संस्थेचं संकलनाचं टेबल घेऊ. नोंदीचा क्रमांक, सभासद, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर आणि फॅट एवढेच रकाने. त्यातल्या एका सभासदाच्या पाच नोंदी आपल्या कर्सरमध्ये आहेत असं धरू.

कर्सर म्हणजे नेमकं काय, आणि तो 'हलवायचा' म्हणजे काय?

क्वेरी, म्हणजे एसक्यूएल भाषेत डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवली की निकालाच्या ओळींचा गठ्ठा मिळतो. तो सगळा एकदम न उचलता एकेक ओळ वाचायची असेल, तर डेटाबेसला 'कुठवर वाचलं' हे लक्षात ठेवावं लागतं. शाळेत बाई हजेरीपटावर बोट ठेवून नावं पुकारायच्या ना, तसं. ते बोट म्हणजे कर्सरची जागा. बोट एक नाव खाली सरकवणं, वर नेणं, पहिल्या नावावर आणणं, पार पानाच्या तळाशी नेणं, या सगळ्याला कर्सर हलवणं म्हणायचं.

पडद्यावर लुकलुकणारा टंकनाचा कर्सर वेगळा. त्याचा इथे संबंध नाही.

कर्सर उघडल्या उघडल्या कुठे असतो? पहिल्या ओळीवर?

नाही. तो पहिल्या ओळीच्या आधी असतो.

पाच ओळींच्या निकालात कर्सरला उभं राहायला सात जागा आहेत: पहिल्या ओळीच्या आधीची एक, पाच ओळींवरच्या पाच, आणि शेवटच्या ओळीच्या नंतरची एक. म्हणूनच पहिलं 'फेच नेक्स्ट' पहिली ओळ देतं, आणि उघडल्यावर लगेच 'फेच प्रायर' केलं तर काहीच मिळत नाही. या दोन टोकांच्या रिकाम्या जागा लोक विसरतात. मी तपासलेल्या 'एक ओळ गळाली' प्रकारच्या तक्रारींपैकी बहुतेकींचं मूळ इथेच निघालं. कर्सर हलवणारा कोड वाचताना कागदावर सात चौकोन काढून त्यावर खरंच बोट फिरवा. मी आजही तसंच करतो.

हलवण्यासाठी कोणकोणत्या दिशा आहेत?

सुरुवातीच्या, १९८६ च्या एसक्यूएल मानकात फेच म्हणजे फक्त पुढची ओळ. मागे-पुढे फिरणारा स्क्रोल कर्सर १९९२ च्या मानकात आला आणि त्याबरोबर सहा शब्द आले: नेक्स्ट, प्रायर, फर्स्ट, लास्ट, ॲब्सोल्यूट आणि रिलेटिव्ह. पहिल्या चारांचा अर्थ नावातच आहे. ॲब्सोल्यूटला गठ्ठ्यातला क्रमांक द्यायचा, तर रिलेटिव्हला आत्ताच्या जागेपासून किती ओळी पुढे किंवा मागे जायचं तो आकडा. मागे जायचं तर उणे.

पोस्टग्रेसने यात फॉरवर्ड आणि बॅकवर्ड यांची भर घातली आहे. त्यांच्यापुढे आकडा किंवा 'ऑल' लिहिता येतं आणि एका आज्ञेत अनेक ओळी मिळतात. नुसतं 'फेच ३' लिहिलं तर ते 'फॉरवर्ड ३' धरलं जातं.

शेवटपर्यंत वाचून झाल्यावर 'फेच प्रायर' केलं, तर कधी शेवटची ओळ मिळते, कधी तिच्या आधीची. असं का?

कर्सर हलवण्यातला सगळ्यात जास्त फसवणारा भाग हाच, म्हणून जरा सविस्तर.

पाच ओळी आहेत. तुम्ही 'फेच ५' केलंत. पाच मागितल्या, पाच मिळाल्या. कर्सर शेवटी वाचलेल्या ओळीवर, म्हणजे पाचवीवर उभा आहे. आता 'फेच प्रायर' केलंत की चौथी ओळ येते.

आता तेच 'फेच ६' करून पाहा. सहा मागितल्या, पाचच मिळाल्या. सहावी शोधताना कर्सर पाचवीच्या पलीकडे गेला आणि 'शेवटच्या ओळीनंतर' या जागेवर थांबला. आता 'फेच प्रायर' पाचवी ओळ देईल.

दोन्ही वेळा पडद्यावर त्याच पाच ओळी दिसल्या, पण बोट वेगळ्या जागी आहे. 'फेच ऑल' केलं तर कर्सर नेहमीच शेवटाच्या पलीकडे जातो आणि 'बॅकवर्ड ऑल' केलं तर नेहमीच सुरुवातीच्या आधी. लूपमध्ये एकेक ओळ वाचत 'ओळ मिळाली नाही' अशी खूण येईपर्यंत जाणारा कोडही कर्सरला पलीकडेच नेऊन सोडतो.

एका पतसंस्थेच्या व्याजाच्या हिशोबात मी स्वतः हे चुकवलं होतं. लूप संपल्यावर मागे मागे येत फरक काढायचे होते. मी गृहीत धरलं की कर्सर शेवटच्या ओळीवर आहे, म्हणून पहिलं प्रायर म्हणजे शेवटून दुसरी. प्रत्यक्षात ती शेवटचीच होती आणि प्रत्येक खात्याची शेवटची नोंद दोनदा धरली गेली. रक्कम लहान होती म्हणून कोणाच्या पटकन लक्षातही आलं नाही. तेव्हापासून लूपनंतर मागे यायचं असेल तर मी आधी स्पष्टपणे 'मूव्ह लास्ट' (शेवटच्या ओळीवर जा) लिहितो. कोडची एक ओळ जास्त पडते, पण बोट कुठे आहे याचा अंदाज बांधावा लागत नाही.

'फॉरवर्ड ३' आणि 'रिलेटिव्ह ३' यांत फरक काय?

दोन्ही कर्सरला तीन पावलं पुढे नेतात. फॉरवर्ड वाटेतल्या तिन्ही ओळी देतो, रिलेटिव्ह फक्त तिसरी. उणे आकड्याचंही तसंच: 'बॅकवर्ड ३' तीन ओळी उलट क्रमाने देतो, 'रिलेटिव्ह -३' एकच.

ॲब्सोल्यूटला शून्य किंवा उणे आकडा दिला तर?

'ॲब्सोल्यूट -१' म्हणजे शेवटची ओळ, '-२' म्हणजे शेवटून दुसरी. 'ॲब्सोल्यूट ०' कर्सरला पहिल्या ओळीच्या आधी नेऊन ठेवतो आणि ओळ कोणतीच देत नाही. सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचायचं असेल तर हाच वापरावा, कारण त्यानंतरचं साधं 'फेच नेक्स्ट' पहिली ओळ देतं. 'फेच फर्स्ट' केलं तर पहिली ओळ तिथेच वाचून होते, आणि लूपच्या सुरुवातीला नेक्स्ट असेल तर ती गळते.

आकडा गठ्ठ्याबाहेरचा असेल, समजा पाच ओळींत 'ॲब्सोल्यूट १००', तर चूक दाखवली जात नाही. ओळ मिळत नाही आणि कर्सर शेवटाच्या पलीकडे जातो. उणे शंभर दिलं तर सुरुवातीच्या आधी.

'रिलेटिव्ह ०' मात्र कामाचा आहे. तो आत्ताची ओळ पुन्हा वाचतो. त्याचा उपयोग पुढे रोलबॅकच्या प्रश्नात येईल.

फेच आणि मूव्ह यांत काय निवडू?

ओळीतला मजकूर हवा असेल तर फेच, नुसतं तिथे जाऊन उभं राहायचं असेल तर मूव्ह. मूव्हला दिशा त्याच, पण तो माहिती न देता फक्त आकडा परत करतो.

त्या आकड्याचा अर्थ बरेच जण चुकीचा लावतात. तो कर्सरची जागा सांगत नाही आणि चाललेलं अंतरही सांगत नाही. त्याच दिशेचं फेच केलं असतं तर किती ओळी मिळाल्या असत्या, तेवढाच तो आकडा. म्हणून 'मूव्ह फॉरवर्ड ३' यशस्वी झाला तर ३ येतात, पण 'मूव्ह ॲब्सोल्यूट १००' शंभराव्या ओळीवर पोचला तरी १ च येतो, आणि तिथे ओळ नसेल तर ०. एकूण ओळी मोजायच्या असतील तर 'मूव्ह ॲब्सोल्यूट ०' आणि मग 'मूव्ह फॉरवर्ड ऑल' करा. दुसऱ्या आज्ञेचा आकडा म्हणजे एकूण ओळी.

मूव्ह मानकात नाही. एसक्यूएल सर्व्हरवर तो मिळणार नाही. तिथे फेच करून मिळालेली ओळ सोडून द्यावी लागते.

कर्सर तयार करणाऱ्या डिक्लेअर आज्ञेत 'स्क्रोल' न लिहिताही माझा कर्सर मागे जातो. मग तो शब्द लिहायचा कशाला?

कारण आज जातो म्हणून उद्या जाईल याची खात्री नाही.

स्क्रोल किंवा नो स्क्रोल यांपैकी काहीच लिहिलं नाही, तर पोस्टग्रेस क्वेरीचा प्लॅन, म्हणजे ती कशी चालवायची याची आखणी, बघतो. तो साधा असेल आणि उलटा चालवायला जादा खर्च नसेल, तर मागे जायची मुभा देतो. एका टेबलाचं सरळ वाचन या प्रकारात बसतं. पण पुढे कोणी त्या क्वेरीत जॉइन (दुसऱ्या टेबलाची जोड) किंवा ग्रुप बाय (ओळींचे गट) घातलं, किंवा डेटा वाढून प्लॅनच बदलला, की तोच कोड 'कर्सर फक्त पुढेच जाऊ शकतो' असं सांगून थांबतो. तुमच्या संगणकावर चालतं आणि प्रत्यक्ष वापरात पडतं, असा हा प्रकार आहे.

'स्क्रोल' लिहिलंत आणि प्लॅनला उलटं चालता येत नसेल, तर पोस्टग्रेस त्याच्यावर मटेरियलाइज नावाचा टप्पा चढवतो. वाचलेल्या ओळी तो साठवत जातो आणि मागे येताना त्यातून देतो. साठा 'वर्क मेम' या सेटिंगएवढा, म्हणजे काही बदललं नसेल तर ४ एमबीपर्यंत, मेमरीत राहतो आणि त्यापुढे डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलमध्ये जातो. थोडा खर्च आहे, पण तो उघड आहे.

मागे जायचं नाही हे नक्की असेल तर 'नो स्क्रोल' लिहा. चुकून कोणी प्रायर वापरलं तर पहिल्याच दिवशी कळेल.

लिहिण्याची पद्धत अशी (बिगिनपासून कमिटपर्यंतचं काम म्हणजे एक ट्रान्झॅक्शन, कमिट केलं की ते पक्कं होतं):

बिगिन;
डिक्लेअर मोजणी स्क्रोल कर्सर फॉर
सिलेक्ट * फ्रॉम संकलन
ऑर्डर बाय तारीख, क्रमांक;
फेच फॉरवर्ड ३ फ्रॉम मोजणी;
मूव्ह ॲब्सोल्यूट ० फ्रॉम मोजणी;
क्लोज मोजणी;
कमिट;

'ॲब्सोल्यूट ५००००' थेट त्या ओळीवर उडी मारतो का?

उडी मारतो असं वाटतं, पण नाही. ओळी क्वेरी चालेल तशा तयार होतात. पन्नास हजारावी ओळ आधीपासून कुठे तयार ठेवलेली नसते. आधीच्या सगळ्या ओळी ओलांडूनच तिथे जावं लागतं. फायदा एवढाच की वाटेतल्या ओळी नेटवर्कवरून तुमच्याकडे येत नाहीत.

उणे ॲब्सोल्यूट आणखी महाग. शेवटून तिसरी ओळ हवी असेल तर आधी शेवट कुठे आहे ते शोधायला क्वेरी पूर्ण चालवावी लागते, आणि मग मागे यावं लागतं. शेवटच्या चारदोन ओळीच हव्या असतील तर ऑर्डर बाय (ओळींचा क्रम) उलटा करून पहिल्या ओळी घ्या. 'ॲब्सोल्यूट ०' मात्र स्वस्त आहे, कारण ती फक्त सुरुवातीला परतण्याची सूचना आहे.

वेगाचा आणखी एक मुद्दा, जो फारसा कोणी सांगत नाही. कर्सरसाठी प्लॅन निवडताना पोस्टग्रेस गृहीत धरतो की तुम्ही साधारण १० टक्केच ओळी वाचाल. या सेटिंगचं नाव 'कर्सर टपल फ्रॅक्शन', किंमत ०.१. त्यामुळे पहिल्या ओळी लवकर देणारा प्लॅन निवडला जातो, भले सगळ्या ओळी द्यायला तो जास्त वेळ घेईल. एखादी क्वेरी नुसती चालवली तर झटपट होते आणि कर्सरमधून शेवटपर्यंत वाचली तर रेंगाळते, त्याचं कारण हे असू शकतं. सगळं वाचायचंच असेल तर त्या सत्रापुरती किंमत १ करून पाहा.

मागे जाऊन तीच ओळ वाचली, तर मधल्या काळात झालेला बदल दिसेल का?

पोस्टग्रेसमध्ये नाही. कर्सर उघडला त्या क्षणाचं चित्र त्याच्यापुरतं गोठलेलं असतं. दुसऱ्या कोणी संकलनात फॅट दुरुस्त केली, नवी नोंद टाकली, तरी तुमच्या कर्सरला त्याचा पत्ता नसतो. म्हणूनच इथे मागे-पुढे फिरणं निर्धास्त असतं.

एक अपवाद आहे, आणि तो वाईट पद्धतीने समोर येतो. क्वेरीतच 'रँडम' किंवा 'नेक्स्टव्हॅल' यांच्यासारखं दर वेळी वेगळं उत्तर देणारं फंक्शन असेल, तर मागे जाऊन ओळ पुन्हा वाचताना ते पुन्हा चालू शकतं. मग नेक्स्टव्हॅलने, म्हणजे मालिकेतला पुढचा आकडा घेऊन, दिलेला पावती क्रमांक त्याच ओळीला वेगळा मिळतो आणि मालिकेतला एक आकडा वाया जातो. अशा क्वेरीला नो स्क्रोल लावणं बरं. मागे जाणं टाळताच येत नसेल, तर कर्सर 'स्क्रोल' आणि 'विथ होल्ड' (कमिटनंतरही टिकणारा) असा दोन्ही लिहून, एकही ओळ वाचण्याआधी कमिट करा. कमिट होताना सगळा निकाल एकदाच काढून साठवला जातो आणि मग कितीही मागे-पुढे गेलात तरी आकडे तेच राहतात.

एसक्यूएल सर्व्हरवर याचं उत्तर वेगळं आहे का?

बरंच वेगळं. तिथे तुम्ही कोणत्या जातीचा कर्सर घेता यावर सगळं अवलंबून आहे.

स्टॅटिक कर्सर निकालाची पूर्ण प्रत टेम्पडीबी या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये ठेवतो, त्यामुळे बदल दिसत नाहीत. कीसेट फक्त किल्ल्या, म्हणजे ओळी ओळखणारे रकाने, टेम्पडीबीत ठेवतो. कोणत्या ओळी आणि कोणत्या क्रमाने हे पक्कं होतं, पण प्रत्येक वेळी ओळीवर गेलात की बाकीचे रकाने ताजे वाचले जातात. डायनॅमिकमध्ये काहीच पक्कं नसतं. ओळी येतात, जातात, क्रमही बदलतो. 'शंभरावी ओळ' या म्हणण्याला तिथे अर्थच उरत नाही, म्हणून डायनॅमिक कर्सरवर ॲब्सोल्यूट चालत नाही. फास्ट फॉरवर्ड फक्त पुढे जातो.

काहीच लिहिलं नाही तर कर्सर फक्त पुढे जाणारा होतो. स्टॅटिक, कीसेट किंवा डायनॅमिक लिहिलं तर स्क्रोल आपोआप मिळतो.

'फेच स्टेटस' शून्य असेपर्यंत फिरणारा माझा लूप मध्येच थांबतो. ओळी तर अजून शिल्लक आहेत!

हाही एसक्यूएल सर्व्हरवरचाच प्रश्न. दोन कारणं असू शकतात.

पहिलं कारण कीसेट कर्सरचं. फेच स्टेटस ० म्हणजे ओळ मिळाली, -१ म्हणजे गठ्ठा संपला किंवा फेच फसलं, आणि -२ म्हणजे ओळीची किल्ली होती पण ओळ मधल्या काळात डिलीट झाली. तुमचा लूप 'शून्य असेपर्यंत' फिरत असेल, तर वाटेत एकच डिलीट झालेली ओळ लागली की तो संपतो आणि पुढच्या सगळ्या ओळी राहून जातात. अट '-१ येईपर्यंत' अशी ठेवा आणि आत '-२ नसेल तरच काम कर' असं लिहा.

दुसरं कारण जास्त छळतं. फेच स्टेटस एका कर्सरचं नसतं, पूर्ण कनेक्शनचं असतं. त्या कनेक्शनवर शेवटचं फेच कोणत्याही कर्सरने केलेलं असो, आकडा त्याचा. बाहेरच्या लूपमध्ये तुम्ही एखादी प्रोसीजर (डेटाबेसमध्ये साठवलेला कोड) बोलावलीत आणि तिच्या आत दुसरा कर्सर असला, तर तो स्वतःचा गठ्ठा संपवून -१ मागे ठेवून जातो. बाहेरच्या लूपने त्यानंतर अट तपासली की त्याला वाटतं आपलंच संपलं. पहिल्या सभासदानंतर लूप बंद! म्हणून फेच आणि तपासणी यांच्यामध्ये दुसरं काहीही येऊ देऊ नका. जमत नसेल तर फेचनंतर लगेच आकडा स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये घेऊन ठेवा.

पोस्टग्रेसच्या पीएल/पीजीएसक्यूएल या प्रोसीजर लिहिण्याच्या भाषेत हे काम 'फाउंड' व्हेरिएबल करतं. तेही पुढच्या आज्ञेने बदलतं, म्हणून सवय तीच ठेवा. ओळ मिळाली नाही तर ज्या व्हेरिएबलमध्ये वाचत होतात ते नल (रिकामं) होतं, हेही ध्यानात असू द्या.

रोलबॅक केलं की कर्सर आधीच्या जागी परत येतो ना?

येत नाही. हे वाचून तुमचे भरपूर तास वाचावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण माझे गेले आहेत.

ट्रान्झॅक्शन सुरू केलं, कर्सर उघडला, तीन ओळी वाचल्या, मग सेव्हपॉइंट, म्हणजे मध्येच परत येण्याची खूण, टाकला. चौथी ओळ फेच केली, ती दुसऱ्या टेबलात इन्सर्ट करताना चूक आली, म्हणून सेव्हपॉइंटपर्यंत रोलबॅक केलं, म्हणजे त्यानंतरचे बदल रद्द केले. इन्सर्ट पुसला गेला. कर्सर मात्र चौथ्या ओळीवरच आहे. त्याचं हलणं रोलबॅक होत नाही. यानंतर 'फेच नेक्स्ट' पाचवी ओळ देतं.

जुन्या नोंदी नव्या टेबलात आणण्याच्या एका कामात मी असंच लिहिलं होतं. चूक आली की रोलबॅक, ओळीतली तारीख साफ करायची आणि पुन्हा प्रयत्न. 'पुन्हा' साठी मी नेक्स्ट वापरलं, कारण डोक्यात होतं की रोलबॅकने सगळंच मागे जातं. परिणामी चूक असलेली प्रत्येक ओळ मुकाट्याने गळाली. एकही एरर आली नाही. दोन्ही टेबलांतल्या ओळींचे आकडे जुळवले तेव्हा कुठे उलगडा झाला. योग्य उपाय होता 'फेच रिलेटिव्ह ०': आहे तीच ओळ पुन्हा वाच. त्यासाठी कर्सर स्क्रोल असायला हवा.

याच्या जोडीला दोन गोष्टी. सेव्हपॉइंटनंतर उघडलेला कर्सर त्या सेव्हपॉइंटपर्यंत रोलबॅक केलं की बंद होतो. आणि चूक इन्सर्टमध्ये न येता खुद्द कर्सरच्या क्वेरीतच आली, समजा शून्याने भागाकार झाला, तर रोलबॅकने ट्रान्झॅक्शन सावरतं पण तो कर्सर पुन्हा वापरता येत नाही. नवा उघडावा लागतो.

कमिट केल्यावर कर्सर सापडतच नाही. काय करू?

साधा कर्सर ट्रान्झॅक्शनपुरताच जगतो. ट्रान्झॅक्शनच्या बाहेर तो डिक्लेअरही करता येत नाही. कमिटनंतर हवा असेल तर 'विथ होल्ड' लिहा. कमिटच्या वेळी पूर्ण निकाल मेमरीत किंवा तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवला जातो, त्यामुळे मोठ्या निकालाला ते कमिट रेंगाळतं. काम झालं की क्लोज करायला विसरू नका. नाहीतर सत्र संपेपर्यंत तो साठा तसाच राहतो.

मध्ये कनेक्शन वाटून देणारा पीजीबाउन्सर असेल आणि तो ट्रान्झॅक्शन पद्धतीने कनेक्शन वाटत असेल, तर विथ होल्डच्या भरवशावर राहू नका. पुढची आज्ञा दुसऱ्याच कनेक्शनवर जाऊ शकते आणि तिथे तुमचा कर्सर नसतो.

कर्सर ज्या ओळीवर आहे तीच ओळ अपडेट करता येते का?

येते. अपडेटमध्ये 'व्हेअर करंट ऑफ' आणि पुढे कर्सरचं नाव. क्वेरी एका टेबलावरची साधी असावी आणि शेवटी 'फॉर अपडेट' लावावं, म्हणजे ओळ वाचतानाच कुलूपबंद होते. पण फॉर अपडेट लावलं की पोस्टग्रेस मागे जाऊ देत नाही. स्क्रोल किंवा विथ होल्ड लिहिलं तर कर्सर उघडतच नाही. मागे-पुढे फिरायचं आणि अपडेटही करायचं असेल, तर प्राथमिक किल्ली वाचून घ्या आणि अपडेट तिच्या आधारे करा. मी बहुधा हेच करतो.

कर्सर दोन टोकांच्या रिकाम्या जागांपैकी एकीवर असताना करंट ऑफ वापरलं तर 'कर्सर कोणत्याच ओळीवर नाही' अशी एरर येते. सात चौकोनांचा कागद इथेही काढा.

मायएसक्यूएल किंवा ओरॅकलमध्ये मागे कसं जायचं?

मायएसक्यूएलच्या प्रोसीजरमधला कर्सर फक्त पुढे जातो, ओळी सोडून उडीही मारू शकत नाही. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलमधला कर्सरही पुढेच जातो. तिथे मागे-पुढे जाण्याची सोय सी भाषेतून बोलणाऱ्या थरांत आहे.

ओरॅकलमध्ये 'बल्क कलेक्ट' करून ओळी कलेक्शनमध्ये (मेमरीतल्या यादीत) घ्या आणि क्रमांकाने हव्या त्या ओळीवर जा. मेमरीवर नजर ठेवा, लिमिट लावून तुकडे करा. मायएसक्यूएलमध्ये तात्पुरतं टेबल करून त्यात ओळींना क्रमांक द्या, ८.० पासून 'रो नंबर' फंक्शन आहे. मग कोणतीही ओळ साध्या सिलेक्टने मिळते.

जावा किंवा पायथनमधून हलवताना काय वेगळं आहे?

जावातून डेटाबेसशी बोलणाऱ्या जेडीबीसीत 'ॲब्सोल्यूट', 'रिलेटिव्ह', 'प्रीव्हियस', 'बिफोर फर्स्ट' अशा पद्धती आहेत आणि मोजणी एकपासून होते. पण मागे-पुढे फिरणारा रिझल्टसेट (निकाल) मागितला की पोस्टग्रेसचा ड्रायव्हर पूर्ण निकाल जावाच्या मेमरीत आणतो. म्हणजे तुम्ही डेटाबेसचा कर्सर हलवत नसता, आपल्याच मेमरीतली यादी चाळत असता. थोड्या थोड्या ओळी आणायच्या असतील तर ऑटोकमिट बंद, फक्त पुढे जाणारा प्रकार आणि फेच साइज, ही तिन्ही हवीत.

पायथनमधून पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या सायकोपीजी२ मध्ये कर्सरला नाव दिलं तरच तो सर्व्हरवर तयार होतो. बिननावाचा कर्सर सगळं स्वतःकडे आणतो. 'स्क्रोल' ही पद्धत दोन्हींवर चालते, पण तिथे ॲब्सोल्यूटची मोजणी शून्यापासून आहे: स्क्रोल शून्यावर नेलं की पुढचं वाचन पहिली ओळ देतं. काही सांगितलं नाही तर आकडा रिलेटिव्ह समजला जातो.

वेबसाइटवर 'मागचं पान, पुढचं पान' दाखवायला स्क्रोल कर्सर वापरू का?

नको. पान बघणारा माणूस चहा प्यायला उठला तर तुमचं ट्रान्झॅक्शन आणि कनेक्शन तोवर अडकून पडतं. असे शंभर जण आले की डेटाबेस टेकीला येतो.

त्याऐवजी शेवटच्या दिसलेल्या ओळीची तारीख आणि क्रमांक लक्षात ठेवा आणि पुढच्या पानाला 'यांच्यानंतरच्या वीस ओळी द्या' असं विचारा. पोस्टग्रेसमध्ये (तारीख, क्रमांक) या जोडीची तुलना एकाच अटीत करता येते. दोन्ही रकान्यांवर मिळून इंडेक्स असेल तर हजारावं पानही पहिल्यासारखंच झटकन येतं. मागच्या पानाला तुलनेचं चिन्ह आणि ऑर्डर बाय दोन्ही उलटे करायचे, आणि मिळालेल्या ओळी दाखवताना पुन्हा सरळ करायच्या. ऑफसेटला (इतक्या ओळी सोडून पुढच्या दे) ही चपळाई नाही, तो सोडायच्या ओळी दर वेळी मोजत बसतो.

ऑर्डर बाय नसेल तर चालेल?

कर्सर हलवणार असाल तर अजिबात नाही. ऑर्डर बायशिवाय ओळींच्या क्रमाची हमी कोणताच डेटाबेस देत नाही. पोस्टग्रेसमध्ये तर मोठ्या टेबलाचं वाचन दुसरं कोणी आधीच करत असेल, तर तुमचं वाचन त्याच्या जोडीने टेबलाच्या मध्यापासून सुरू होऊ शकतं. मग कालची दहावी ओळ आजची दहावी नसते. नुसती तारीखही पुरत नाही, कारण एका तारखेला सकाळ-संध्याकाळच्या दोन नोंदी असतात. शेवटी नोंदीच्या क्रमांकासारखा, कधीच दोनदा न येणारा रकाना जोडा.

फक्त मागच्या ओळीशी तुलना करायची आहे. तरी कर्सर लागेल?

नाही लागणार. 'लॅग' फंक्शन मागच्या ओळीची किंमत त्याच ओळीत आणून देतं, 'लीड' पुढच्या ओळीची. कालच्या फॅटशी आजची फॅट ताडून बघायला एक सिलेक्ट पुरतो. चढती बेरीजही 'सम' आणि 'ओव्हर' वापरून होते. माझ्याकडे तपासायला आलेल्या कित्येक स्क्रोल कर्सरांच्या जागी शेवटी अशी एकच क्वेरी बसली. कर्सर तिथे ठेवा जिथे प्रत्येक ओळीवर काहीतरी बाहेरचं काम करायचं आहे, किंवा पुढे कुठे जायचं ते वाचलेल्या ओळीवर ठरतं.

माझ्या सत्रात कोणते कर्सर उघडे आहेत ते कसं बघू?

'पीजी कर्सर्स' या व्ह्यूवर (टेबलासारखाच वाचता येतो) सिलेक्ट करा. नाव, मूळ क्वेरी, उघडल्याची वेळ, विथ होल्ड आहे का आणि मागे जाता येतं का, एवढं तिथे मिळतं. कर्सर आत्ता कितव्या ओळीवर आहे याचा रकाना तिथे नाही. तो हिशोब तुमच्या कोडनेच ठेवायचा.